ओतलेली नव्हे, ठोकलेली

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

माझी एक जुनी कविता आहे. १९९६ साली एका दिवाळी अंकात ती छापून आली. न्यूयॉर्कच्या बंदरात मशाल उंचावून उभ्या असलेल्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यावर ती होती. अमेरिका मी तेव्हा पाहिली नव्हती आणि आजही पाहिलेली नाही. पण वय पंचविशीचं होतं, आणि त्या वयात न पाहिलेल्या गोष्टींवर कविता लिहिण्याचं धाडस असतं. त्या कवितेत मी तिला 'ओतलेली' म्हटलं होतं. धातूचा मोठा पुतळा म्हणजे भट्टी, रस आणि साचा, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. आपल्याकडचे चौकाचौकांतले अश्वारूढ पुतळे बहुतेक तसेच होतात. आधी मेणाचा किंवा प्लास्टरचा नमुना, त्यावरून साचा, आणि साच्यात कांस्याचा रस.

अंक घेऊन मी तांबट आळीत गेलो. पुण्याच्या कसबा पेठेतली ही आळी. माझे अब्बा कल्हईवाले. लग्नाकार्याच्या देगा, हंडे, पातेली आमच्याकडे कल्हईला येत. एखाद्या देगेला पोचा पडलेला असला, तळ फाटलेला असला, की अब्बा ती आळीतल्या एका तांबटकाकांकडे नेत. आणि काकांकडचं नवं पातेलं कल्हईसाठी आमच्याकडे येई. हा व्यवहार दोन पिढ्यांचा. लहानपणीच्या सुट्ट्या मी काकांच्या दुकानाच्या पायरीवर काढल्या. तिथे बोलायचं तर ओरडून. सकाळी आठपासून पन्नास हातोडे एकदम चालू, मग दुसरं काय होणार? उतारवयात काकांना जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. आळीतल्या बहुतेक जुन्या माणसांचं तेच झालं. त्याला ते आजार म्हणत नसत, धंदा म्हणत.

काकांनी चष्मा लावला, कविता शांतपणे वाचली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "ओतलेली? कुणी सांगितलं रे तुला?" मी गप्प. त्यांनी हाताला धरून मला भिंतीपाशी नेलं. तिथे गणपतीच्या कॅलेंडरशेजारी एक पिवळं पडलेलं कात्रण चिकटवलं होतं. रद्दीत आलेल्या कुठल्याशा इंग्रजी वर्तमानपत्रातलं, १९८६ सालचं. चित्रात दोन गोरे कारागीर एका भल्यामोठ्या तांब्याच्या ज्वाळेवर वाकले होते. काकांना इंग्रजी येत नव्हतं. खालचा मजकूर त्यांनी कधी कुणाकडून वाचून घेतला असेल, असंही वाटत नाही. ते म्हणाले, "हातात काय आहे बघ. हातोडा. ओतकामाला असा हातोडा कशाला लागेल? ही ठोकलेली आहे. आपल्या हंड्यासारखी."

मला ते पटलं नाही. दीडशे फुटांची बाई हंड्यासारखी ठोकतील कशी? मग ग्रंथालयात जाऊन बसलो. काका बरोबर होते. आज बोलायचं आहे ते याच ठोकण्याविषयी.

आधी तांब्याविषयी थोडं सांगायला हवं. तांब्याचा पत्रा हा हट्टी पण समजूतदार माल. त्याला ठोकत गेलं की तो ताणला जातो, वळतो, पण त्याच वेळी कडकही होत जातो. एका मर्यादेनंतर ठोकलं तर चिरतो. म्हणून तांबट तो भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो आणि पाण्यात विझवतो. पोलाद असं विझवलं तर कडक होतं. तांबं मऊ होतं. मऊ झालं की पुन्हा ठोकायचं, कडक झालं की पुन्हा तापवायचं. तापवल्याने आलेला काळेपणा चिंचेने जातो. शेवटी भांड्याच्या सगळ्या अंगावर सारख्या अंतराने, सारख्या जोराने हातोडीचे घाव द्यायचे, याला मठारणं म्हणतात. त्याने भांड्याला ते चमचमणारे ठिपके येतात. लोकांना ती नक्षी वाटते. खरं म्हणजे पातळ पत्र्याला बळकटी त्यानेच येते. त्यात हात थरथरला की तो ठिपक्यांत दिसतो, झाकता येत नाही.

आता पॅरिसला जाऊ. फ्रेडरिक ऑगस्ट बार्थोल्डी हा शिल्पकार कोलमारचा, जन्म १८३४ चा. मोठ्या पुतळ्यांचा त्याला ध्यासच होता. अमेरिकेच्या आधी त्याने इजिप्तच्या खेदिवाला एक कल्पना सुचवली होती. सुएझ कालव्याच्या तोंडाशी दीपगृह म्हणून हातात मशाल घेतलेली एक फेल्ला स्त्री, म्हणजे इजिप्तची शेतकरीण, उभारायची. १८६९ साली ते बोलणं झालं. खेदिवाने मनावर घेतलं नाही. पुढे बार्थोल्डी म्हणत असे की त्या कल्पनेचा न्यूयॉर्कच्या पुतळ्याशी काही संबंध नाही. त्याचं त्याला माहीत. मला मात्र डोक्यावरून पदर घेतलेली ती शेतकरीण आठवल्याशिवाय राहत नाही.

एवढा पुतळा फ्रान्समध्ये करायचा आणि समुद्रापार न्यायचा, तर कांस्य ओतून चालणार नव्हतं. वजन आणि खर्च दोन्ही आवाक्याबाहेर गेलं असतं. उपाय बार्थोल्डीने पाहून ठेवला होता. इटलीत माज्जोरे सरोवराच्या काठी अरोना नावाचं गाव आहे. तिथे संत चार्ल्स बोरोमिओ यांचा २३ मीटर उंचीचा पुतळा आहे, १६९८ साली पुरा झालेला. तो तांब्याच्या ठोकलेल्या पत्र्यांचा. म्हणजे आत आधाराला सांगाडा आणि बाहेर तांब्याची नुसती कातडी. बार्थोल्डीने हीच रीत उचलली आणि दुप्पट उंचीवर नेली.

काम झालं पॅरिसच्या र्‍यू द शाझेलमधल्या गाजे-गोतिए यांच्या कारखान्यात. पद्धत ऐका. प्लास्टरचा एक नमुना, सुमारे २.८५ मीटर उंच. तो चौपट वाढवून दुसरा, सुमारे साडेअकरा मीटर. हा झाला खऱ्या उंचीच्या पाव. मग या पाव नमुन्याचे तुकडे पाडले, म्हणजे प्रत्यक्ष नव्हे, मापाने. आणि एकेक तुकडा पुन्हा चौपट वाढवला. त्यासाठी ओळंबे सोडून, पट्ट्या लावून, बिंदू बिंदू मोजून हजारो मापं घ्यावी लागली. लाकडी पट्ट्यांचा ढाचा उभारून त्यावर प्लास्टर चढवलं, की पूर्ण मापाचा एक हात, पदराची एक निरी, एक गाल तयार. नाकच साडेचार फुटांचं आणि तर्जनी आठ फुटांची, तेव्हा एकेका तुकड्याला कारखान्याचा केवढा कोपरा लागत असेल, याची कल्पना करा.

इथपर्यंत शिल्पकाराचं आणि गवंड्याचं काम. पुढे सुतार. प्लास्टरच्या त्या गालाला नेमके बसतील असे लाकडाचे साचे त्यांनी केले. फळ्या जवळजवळ उभ्या करायच्या, त्यांच्या कडा प्लास्टरच्या उंचसखलपणाप्रमाणे कापायच्या आणि एकमेकींत अडकवायच्या. साचा उचलून उलटा ठेवला की झाली एक उलटी दरी. आता तांब्याचा पत्रा या दरीवर ठेवायचा आणि आतून ठोकत ठोकत तळाला भिडवायचा. मोठमोठ्या वळणांसाठी तरफा लावून पत्रा दाबायचा, मग लाकडी हातोडे, मग लोखंडी, मग अगदी छोटे. आतून मारायचं आणि बाहेर उमटायचं. फ्रेंच लोक याला रपुसे म्हणतात, म्हणजे मागून ढकललेलं. आपल्याकडे उठावाचं काम म्हणतात. देव्हाऱ्यातले देवांचे टाक आणि मुखवटे पाहा. त्यांतले पत्र्याचे असतात ते असेच मागून उठवलेले असतात. आमच्या काकांचा हंडा मात्र बाहेरून ठोकला जातो, आत लोखंडी मेखेचा आधार देऊन. एवढा फरक मी त्यांना पुढे सांगितला, तर म्हणाले, "म्हणजे त्यांना काम करताना चेहरा दिसतच नसणार." हे मला पुस्तकात कुठे सापडलं नव्हतं. खरंच आहे. तो कारागीर दिवसभर गालाच्या आतल्या बाजूला बसून ठोकत होता. बाहेर गाल कसा आला, ते साच्यातून काढल्यावरच कळायचं. बारीक वळणांची खात्री करायला प्लास्टरवर शिशाचा मऊ पत्रा दाबून ठसा घेत आणि तो तांब्याला लावून पाहत. जमलं नाही तर पुन्हा ठोका.

अशा सुमारे ३०० पत्र्यांतून ही बाई उभी राहिली. पत्र्याची जाडी किती? २.४ मिलिमीटर. आमच्याकडे कल्हईला येणाऱ्या जुन्या देगांचा तळ साधारण एवढाच जाड असायचा. पुतळा टाचेपासून मशालीच्या टोकापर्यंत ४६ मीटर. हिशोब करून पाहिला: तिला तुमच्या-माझ्या उंचीची केली, तर तिची कातडी वहीच्या कागदाएवढी होईल. लांबून जी डोंगरासारखी भक्कम वाटते, ती अशी कागदाची आहे.

मग ती वाऱ्यात उभी कशी राहते? हे श्रेय गुस्ताव्ह आयफेलचं, पुढे १८८९ साली ज्याचा मनोरा पॅरिसमध्ये उभा राहिला तोच हा. आधी या कामावर व्हियोले-ल-द्यूक हा वास्तुशास्त्रज्ञ होता. १८७९ साली तो वारला आणि काम आयफेलकडे आलं. त्याने मध्ये चार पायांचा लोखंडी मनोरा उभा केला. त्याला फांद्यांसारखी दुय्यम चौकट. तिला जोडलेल्या सपाट लोखंडी पट्ट्या, पत्र्याच्या आतल्या वळणाबरहुकूम वाकवलेल्या. गंमत पुढेच आहे. या पट्ट्या पत्र्याला घट्ट ठोकलेल्या नाहीत. पत्र्याच्या आतून तांब्याच्या छोट्या खोबणी रिव्हेट केल्या आणि लोखंडी पट्टी त्यांतून नुसती ओवली. उन्हाने तांबं पसरलं, थंडीने आकसलं, तर ते पट्टीवर सरकतं. प्रत्येक पत्र्याचा भार त्याच्या मागचा सांगाडा घेतो, वरच्याचं ओझं खालच्यावर नाही. ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात पुतळा सुमारे ३ इंच हलतो, मशाल ६ इंच. हलतो म्हणून टिकतो.

पण एक खोट होती. तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओल आली, की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि लोखंड गंजतं. हे आयफेलच्या वेळीही माहीत होतं. म्हणून दोहोंच्या मध्ये लाखेत भिजवलेलं अ‍ॅस्बेस्टॉस घातलं. समुद्राच्या हवेत ते काही वर्षांत झिजलं. लोखंड गंजून फुगलं, खोबणींत अडकलं, सरकायचं थांबलं आणि पत्र्यातली रिव्हेटं उपटू लागलं. शंभरी जवळ आली तेव्हा, १९८४ साली, मोठी दुरुस्ती काढली. अठराशेच्या आसपास लोखंडी पट्ट्या एकेक करून काढल्या आणि तशाच वाकवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या, मध्ये टेफ्लॉन घालून. आतला जुना डांबराचा थर काढायला काय वापरलं असेल? खायचा सोडा! हवेच्या जोराने त्याचा मारा केला. तो सांध्यांतून बाहेर झिरपला आणि बाहेरच्या हिरव्या रंगावर डाग पडले. अब्बांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "चिंच नसेल मिळाली त्यांना," म्हणाले.

हिरव्या रंगाचंही सांगतो. १८८६ साली उभी राहिली तेव्हा ती तांबूस-तपकिरी होती. वीसेक वर्षांत हवा, पाऊस आणि धूर यांनी ती हिरवी केली. १९०६ साली तिला रंग द्यावा, असं सरकारी पातळीवर ठरत होतं; लोकांनी आरडाओरडा केला आणि बेत रद्द झाला. बरंच झालं. तो हिरवा थर गंजासारखा खात नाही, खालच्या तांब्याचं रक्षणच करतो. शंभर वर्षांत पत्रा झिजला तो मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाइतका.

आमच्या काकांच्या भिंतीवरचं कात्रण याच दुरुस्तीचं. मशालीची जुनी ज्वाळा पार खराब झाली होती. १९१६ साली तिच्यात खिडक्या कापून काचा बसवल्या होत्या, त्यांतून पाणी गळे. नवीनच करायची ठरली, बार्थोल्डीच्या रीतीने, हाताने ठोकून. त्यासाठी फ्रान्सच्या र्‍हँस शहरातून कारागीर बोलावले. त्यांनी पुतळ्याच्या पायथ्याशी कारखाना थाटला आणि तिथेच मशाल घडवली. लोक काचेआडून बघत. वर सोन्याचा मुलामा दिला. ज्या देशाने सतरा वर्षांपूर्वी चंद्रावर माणूस उतरवला होता, त्याला एक ज्वाळा ठोकायला परदेशातून हातोडेवाले आणावे लागले. ही टीका नव्हे. हाताचं काम असंच असतं. एका पिढीने सोडलं की पुस्तकातून परत येत नाही.

थोडं पैशाचंही बोलतो, कारण सार्वजनिक जागेतला पुतळा म्हटला की ते आलंच. पुतळ्याचा खर्च फ्रेंच लोकांच्या वर्गणीतून झाला. चौथरा अमेरिकेने बांधायचा होता आणि तिथे पैसे संपले. वर्गणीसाठी उजव्या हाताची मशाल १८७६ मध्येच फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात मांडली होती. डोकं १८७८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात. या डोक्यात चढून डोळ्यांतून बाहेर पाहणाऱ्यांत बारा वर्षांचा एक मुलगा होता. रड्यार्ड किपलिंग. जन्म मुंबईचा, वडील जे. जे. कलाशाळेत शिकवलेले. म्हातारपणी त्याने ती आठवण लिहून ठेवली आहे. १८८४ मध्ये पुतळा आधी पॅरिसमध्येच पुरता उभा केला. घरांच्या छपरांवर मान काढून तो उभा होता आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात थकलेला व्हिक्टर ह्यूगो त्याला पाहून गेला. मग सुटा करून, दोनशेहून अधिक पेट्यांत भरून जहाजाने धाडला. १८८५ च्या जूनमध्ये पेट्या न्यूयॉर्कला पोचल्या, तरी चौथरा अर्धाच. तेव्हा जोसेफ पुलित्झर या संपादकाने आपल्या 'वर्ल्ड' या वर्तमानपत्रातून मोहीम चालवली होती. त्याने कबूल केलं, की कितीही थोडी रक्कम द्या, तुमचं नाव छापू. एक लाखाहून अधिक लोकांनी मिळून एक लाख डॉलरांवर रक्कम दिली. बहुतेकांची देणगी एका डॉलरहूनही कमी. याच वर्गणीसाठी एमा लाझरस या कवयित्रीने १८८३ साली सुनीत लिहून दिलं होतं. ते चौथऱ्याच्या आत कांस्याच्या पाटीवर लागलं १९०३ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. कवींना पाटी उशिरा मिळते, पण मिळते तरी.

पंचवीस पैसे देणाऱ्याचं नाव छापलं गेलं. शिल्पकाराचं, इंजिनिअरचं, कारखानदाराचं नाव प्रत्येक पुस्तकात आहे. गालाच्या आत बसून ज्याने तो गाल बाहेर काढला, त्याचं नाव मी पुष्कळ शोधलं. मला मिळालं नाही. जुन्या छायाचित्रांत ती माणसं दिसतात. अंगावर डगले, काहींना मिशा, मागे बाईचा अवाढव्य डावा हात, आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. यांतल्या किती जणांना पुढे ऐकू येत होतं, असा प्रश्न मला प्रत्येक वेळी पडतो. तांबट आळीच्या पायरीवर वाढलेल्या माणसाला तो पडणारच.

माझा संग्रह २००३ साली निघाला तेव्हा मी तो शब्द बदलला. 'ओतलेली'च्या जागी 'ठोकलेली' घातलं. मात्रा तेवढ्याच, लयीला धक्का लागला नाही. प्रकाशक म्हणाले, "'ठोकलेली' जरा धेडगुजरी वाटतं, 'घडवलेली' करा." मी ऐकलं नाही. पहिली प्रत अब्बांना दिली आणि दुसरी घेऊन आळीत गेलो. काका तोवर काम करत नव्हते. मुलगा बसत होता, आणि निम्मी भांडी आता यंत्रावर दाबून येत होती. काका मागच्या खोलीत खाटेवर होते. मी पान उघडून कानाशी ओरडून कविता वाचायला लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं, पुस्तक ओढून घेतलं, चष्मा शोधला आणि बोट ओळींवरून खाली नेत नेत त्या शब्दावर आणलं. बोट थोडा वेळ तिथेच होतं. मग सुनेला हाक मारून म्हणाले, "याला चहा दे गं. आणि पुढच्या खोलीतलं ते चित्र काढून दे. त्याच्या कामाचं आहे."